शाळेत सहभागी कथानाट्य: परवानगीच्या पत्रापासून पुढच्या आठवड्याच्या तासापर्यंत

दोन-तीन कलाकार वर्गात येतात, गोष्ट सुरू करतात, ऐन अडचणीच्या जागी थांबतात आणि आता काय करायचं ते मुलं ठरवतात. मुलांनी ठरवलेलं खरोखर घडतं, बरं होवो की वाईट, आणि गोष्ट त्याच वाटेनं पुढं जाते. सहभागी कथानाट्य म्हणतात ते हेच. 'सांगा बरं, खोटं बोलावं का?' असं विचारून 'नाहीऽऽ' वदवून घेणं हा सहभाग नव्हे. शेवट आधीच ठरलेला असला तर पहिलीतल्या लेकरांनाही ते पाच मिनिटांत कळतं. मग ती स्वतःचं डोकं चालवायचं सोडून पाहुण्याला हवं असलेलं उत्तर शोधू लागतात. पुढं सांगितलेली सगळी तयारी मुलांच्या निर्णयाला वजन मिळावं यासाठी आहे.

शाळेत नाटक नेऊन मुलांना त्यात सामील करून घ्यायची आजची पद्धत १९६५ साली इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं १९८९ मध्ये या कामासाठी वेगळं पथक उभं केलं. मराठवाड्यात काम करणाऱ्याला मात्र त्याहून जवळचा आधार आहे. देवीच्या गोंधळात नायक आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून त्याला अडवतो. एकनाथांच्या भारुडातलं सोंग थेट समोरच्या माणसांशी बोलतं. तुळजापूर, माहूर, पैठणच्या पट्ट्यातल्या मुलांच्या कानाला हे नवं नाही. गोष्टीत मध्येच बोलायची मुभा असते, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त शाळेच्या खोलीतही ती मुभा आहे, हे दाखवून द्यावं लागतं.

कधी जायचं आणि कोणाला विचारायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं पत्र द्या, प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांना) आणि मुख्याध्यापकांना. पत्र एका पानाचं असावं: कोणत्या इयत्ता, किती मुलं, किती वेळ, कोण-कोण येणार, शाळेकडून काय लागेल आणि पैसे घेणार की नाही. शेवटचा मुद्दा स्पष्ट लिहिला नाही तर पत्र टेबलावरच पडून राहतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना मुख्याध्यापकांकरवी कळवा, म्हणजे ऐन वेळी 'हे कोण आलेत?' असा प्रश्न दारात उभा राहत नाही. एकाच केंद्रातल्या सात-आठ शाळा करायच्या असतील तर आधी शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं मागून घ्या आणि गोष्टीचा एक तुकडा शिक्षकांनाच करून दाखवा. त्यानंतर निम्मी कामं फोनवर होतात.

जुलै ते दसरा हा सगळ्यात चांगला काळ. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातली पोरं आईबापांबरोबर फडावर जातात. ज्या लेकरांना अशा तासाची सर्वांत जास्त गरज, तीच नेमकी तेव्हा शाळेत नसतात. दिवाळीनंतर जायचंच असेल तर जिथं मागं राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालतं त्या शाळा निवडा. मार्चनंतर सकाळची शाळा लागते. दहा वाजल्यापासून पत्र्याच्या खोलीत बसवत नाही, म्हणून तेव्हा तास साडेआठच्या आत सुरू करा.

तारीख ठरवताना आणखी तीन गोष्टी विचारा: गावचा किंवा शेजारच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार कधी, जत्रा कधी आणि परीक्षा कधी. बाजाराच्या दिवशी हजेरी उतरते. लातूर-धाराशिवकडं येळवशीला (वेळा अमावास्येला) अख्खं गाव शेतात असतं, त्या दिवशी शाळेचं नावच काढू नका. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाआधीचे तीन-चार दिवस ध्वजारोहणाच्या तयारीचे असतात, शिक्षक मनानं तुमच्या तासात नसतात.

जमलं तर आठ दिवस आधी एकदा नुसतं जाऊन या. खोली पावलांनी मोजा, पंखा चालतो का पाहा, खिचडी किती वाजता वाढतात ते विचारा. पोषण आहाराची वेळ आणि तुमचा तास यांत किमान वीस मिनिटांचं अंतर ठेवा. फोडणीचा वास आला की गोष्ट कितीही चांगली असली तरी पोरांचं लक्ष ताटाकडं जातं, आणि त्यांची काही चूक नसते.

गोष्ट कशी असावी

दोन्ही बाजूंना थोडं-थोडं खरं असलेला पेच हवा. चांगला विरुद्ध वाईट असा सामना असला की ठरवण्यासारखं काही उरतच नाही. एक नमुना सविस्तर मांडतो.

गावात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव प्रसिद्ध आहे, पण अशा लहान-मोठ्या बारवा मराठवाड्यात कितीतरी गावांत आहेत, म्हणून मुलांना चित्र लगेच दिसतं. उन्हाळा आहे, पाणी तळाला गेलंय. शेवंताआजीच्या दोन शेळ्या तहानलेल्या आहेत. उद्या सकाळी गाळ काढायला यंत्र येणार; गाळ निघाला तर झरे मोकळे होतील. पण त्या गाळात एक म्हातारं कासव राहतं आणि ते फक्त मुलांनाच ठाऊक आहे.

यात थांबे तीन. पहिला: कासव मुलांना म्हणतं, 'कुणाला सांगू नका.' सांगायचं की नाही? दुसरा: आजी सरळ विचारते, 'बारवेत काही हाय का रं पोरांनो? खरं सांगा.' तिसरा: यंत्र दारात, गावसभा भरलेली, मुलं म्हणजेच गावकरी. आता काय करायचं? तीनपेक्षा जास्त थांबे घेऊ नका. चौथ्याला मुलं थकतात आणि मोठी दोन-तीनच बोलत राहतात.

प्रत्येक थांब्यावर मुलं काय म्हणू शकतील याची यादी सरावात करा आणि निदान तीन वाटा उभं राहून करून बघा. 'कासवाला बादलीत ठेवू' हे उत्तर हमखास येणार. त्याला 'नाही, तसं नाही चालत' म्हणायचं नाही. टोपली उलटी करून तीच बादली म्हणून पुढं ठेवायची, कासवानं त्यात पाय दुमडून बसायचं आणि विचारायचं, 'किती दिवस ठेवणार? मी खाऊ काय?' मग एखादं मूल म्हणतं, तलावात सोडू. तलावाला किती पाणी आहे, कोण नेणार, वाटेत ऊन किती? मुलांच्या उत्तराचा परिणाम कासवाच्या तोंडून कळू द्या, पण त्यांना कोपऱ्यात गाठून हरवू नका. दोन अडचणी पुरेत, तिसरा मार्ग निघाला की तो मान्य करून घडवून दाखवा. यंत्र एक दिवस थांबवायचं, आधी हातानं गाळ चाळायचा, असं काही मुलांनी ठरवलं तर आजी पदर खोचून पहिली घमेली उचलते.

एक पथ्य. खरं कासव, पक्षी, कोणताही जिवंत प्राणी आणू नका. आपल्याकडची कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, पकडून घरी ठेवता येत नाहीत. ही माहिती मुलांना द्यायचीच, पण गोष्ट संपल्यावर, शिक्षकांच्या तासात. मध्येच कायदा सांगितला की पेच तिथंच संपतो.

पहिली-दुसरीला ३५ मिनिटांची गोष्ट आणि दोन थांबे. तिसरी ते पाचवीला ६० मिनिटं आणि तीन थांबे. दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्रच बसतात. तिथं ४५ मिनिटं धरा. लहानांना आवाज आणि हालचालीचं काम द्या (वारा, शेळ्या, पाणी), मोठ्यांना निर्णयाचं.

माणसं आणि सामान

माणसं तीन हवीत. एक गोष्ट सांगणारा, एक पात्रं करणारा आणि एक फक्त मुलांकडं बघणारा. तिसरा माणूस वायफळ आहे असं वाटून पुष्कळ मंडळी त्यालाही सोंग देतात. मग कोपऱ्यात कोण रडतंय, कोणाला बाहेर जायचंय, कोण तासभर एकही शब्द बोललेलं नाही, हे कोणालाच कळत नाही. कोणताही पाहुणा एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा शाळेमागं जाणार नाही, हा नियम आधीच सगळ्यांना सांगा. फोटो शिक्षकांनी आणि पालकांनी होकार दिला तरच, आणि गोष्ट चालू असताना मोबाइल बाहेर काढायचाच नाही.

सामान एसटीत मांडीवर मावेल एवढंच घ्या:

- निळं सुती कापड ५ मीटर (पाणी, आभाळ, नदी), एक घोंगडी, एक नऊवारी लुगडं
- बांबूची टोपली, दोन हात लांबीची काठी, एक घमेलं
- डफ किंवा हलगी, टाळांची एक जोडी, मूठभर घुंगरू
- सुतळी १५ मीटर, खडूंचा डबा, नावांच्या पट्ट्यांसाठी कागदी चिकटपट्टी आणि जाड पेन
- कपाळावर बसणारे दोन-तीन मुखवटे, प्रथमोपचाराची पिशवी

डफ चामड्याचा असेल तर पावसाळ्यात ढिला पडतो आणि ऐन वेळी 'भद' असा आवाज काढतो. पूर्वी तो जाळावर शेकत, शाळेत जाळ करता येत नाही. फायबरच्या पानाचा डफ घ्या किंवा आदल्या तासाला उन्हात ठेवा.

मुखवटा पूर्ण चेहरा झाकणारा नको. आवाज दबतो, डोळे दिसत नाहीत, पहिलीतली पोरं घाबरतात. भुवयांच्या वर सहा इंच उंचीचा पुरतो. तो करायला १०० ग्रॅम मैदा थंड पाण्यात कालवा, एकूण ६०० मिली पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर सतत हलवत पारदर्शक होईतो शिजवा, ही झाली खळ. उलट्या मडक्यावर आधी नुसत्या पाण्यानं ओल्या केलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा एक थर द्या, म्हणजे मुखवटा सुटून येतो. त्यावर खळ लावून पाच थर, प्रत्येक दोन थरांनंतर कडक ऊन. खळीला किडा लागू नये म्हणून जुने लोक मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि हा मुखवटा मुलं हाताळणार, तेव्हा घालू नका. नीट वाळवला तर मुखवटा एक शालेय वर्ष सहज टिकतो.

बैठक

गोल करून बसवणं दिसायला छान, पण हिशेब करा. एका मुलाला दीड फूट जागा लागते. चाळीस मुलांचा गोल म्हणजे ६० फुटांचा परीघ, व्यास १९ फूट. वीस बाय वीसच्या खोलीत मुलांच्या पाठी भिंतींना टेकतात, समोरासमोरची दोन टोकं एकमेकांना ऐकू येत नाहीत आणि दारातून आत यायला वाट राहत नाही. त्याऐवजी अर्धगोल, तीन ओळी: पुढं १०, मध्ये १४, मागं १६. पुढची ओळ तुमच्यापासून पाच फुटांवर, प्रत्येक ओळीत दोन फूट अंतर. तुमच्या पाठीशी भिंत असावी, खिडकी किंवा दार नको. पाठीशी उजेड असला की तोंड काळं दिसतं, आणि दारातून गावातली रिकामी मंडळी डोकावत राहतात.

अर्धगोलाच्या पुढं सुतळी जमिनीवर आखा. ती बारवेची कड. 'कड ओलांडली की माणूस पाण्यात' एवढं सांगितलं की चाळीसही मुलं बोटं मागं घेतात, कोणाला दटावावं लागत नाही. कमी ऐकू येणारं मूल पुढच्या ओळीत, तुमचं तोंड सरळ दिसेल असं. चालता न येणाऱ्या मुलाला ओळीच्या टोकाला जागा, म्हणजे त्याच्या पाळीला पात्रच त्याच्याकडं चालत जाईल.

झाडाखाली बसायचा मोह आवरा. आवाज पांगतो, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की सगळ्या माना वळतात. व्हरांडा चालतो. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर ओरडून बोलू नका. निवेदन थांबवून मुलांनाच हातानं पाऊस वाजवायला लावा, आणि सर ओसरली की पुढं चला.

प्रत्यक्ष तास (तिसरी ते पाचवी, ६० मिनिटं)

पहिली ५ मिनिटं. नावांच्या पट्ट्या चिकटवताना प्रत्येकाशी एक वाक्य बोला. नावानं हाक मारता आली नाही तर नंतर 'ए, लाल शर्टवाल्या' म्हणावं लागतं आणि ते मूल गप्प होतं.

पुढची ८ मिनिटं खेळ. 'स्टॅच्यू' सगळ्यांना येतो, तोच वापरा: शेळीचा स्टॅच्यू, तहानलेल्या माणसाचा, मग जोडीनं बारवेतून पाणी शेंदणाऱ्या दोघांचा. शेवटचे दोन स्टॅच्यू गोष्टीत परत लागणार आहेत.

मग २० मिनिटं गोष्ट, पहिल्या दोन थांब्यांसह. सोंग मुलांसमोरच घ्या. लुगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली, कंबर वाकवली, 'आता मी शेवंताआजी.' लुगडं काढलं की पुन्हा मी. लहानांची भीती यानं जाते, आणि मुलांना केव्हा कोणाशी बोलायचं ते कळतं.

तिसऱ्या थांब्याला १५ मिनिटं द्या, हीच तासाची खरी जागा. मुलांना दोन रांगांत समोरासमोर उभं करा, मधून तीन फुटांची वाट. सरपंच झालेला कलाकार हळूहळू त्या वाटेनं चालतो आणि तो जवळ आला की प्रत्येक मूल त्याला एकच वाक्य सांगतं: यंत्र आणा, नका आणू, का. घाई केली तर 'आणा, आणा, आणा' अशी री ओढली जाते. म्हणून सरपंचानं मध्ये थांबून विचारावं, 'असं का म्हणालास रं?' आणि मनात सातपर्यंत आकडे मोजावेत. शांतता पहिल्यांदा फार लांब वाटते. ती भरून काढू नका. चार-पाचव्या आकड्याला बहुतेक वेळा रांगेतून कोणीतरी बोलतं.

त्यानंतर ७ मिनिटं ठरलं ते घडवून दाखवा. मत फुटलं असेल तर दोन्ही शेवट दाखवा आणि मुलांनाच विचारा की आजीला कोणता पटेल, कासवाला कोणता. उरलेली ५ मिनिटं डोळे मिटून बारवेचा आवाज ऐकायचा, सामान आवरायला मुलांना घ्यायचं, कापडाची घडी चौघांनी मिळून घालायची.

बोलीबद्दल

पाठ्यपुस्तकी मराठीत आजी बोलली की मुलं पाहुण्यांशी बोलतात तशी बोलतात, घरी बोलतात तशी नाही. 'काय करायलीस गं?' असं सहज येऊ द्या. येत नसेल तर नक्कल करू नका, खोटी बोली मुलांना लगेच कळते. पात्र स्थानिक सहकाऱ्याला द्या. तांड्यावरच्या शाळेत पहिलीची कित्येक मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या कडेला कन्नड कानावर पडते. वर्गशिक्षकांना किंवा अंगणवाडीताईंना विचारून पाणी, शेळी, तहान, 'ये', 'थांब' असे दहा शब्द मुलांच्या भाषेतून घ्या आणि ते कासवाला द्या. कासव आपली भाषा बोलतंय म्हटल्यावर गप्प बसणारी लेकरं पुढं सरकतात.

कुठं बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते गर्दीनं. चाळीस मुलं ठरलेली असतात आणि सर म्हणतात, 'आलाच आहात तर पहिली ते सातवी सगळ्यांनाच बसवतो.' सरांचा हेतू चांगलाच असतो. नाही म्हणण्याऐवजी परिपाठानंतर मैदानावर सगळ्यांसाठी दहा मिनिटांचं गाणं आणि स्टॅच्यूचा खेळ देऊ करा, आणि गोष्ट ठरलेल्या वर्गातच ठेवा. दीडशे मुलांत निर्णय होत नाही, नुसता गलका होतो.

दुसरं, शिक्षक. छडी घेऊन 'गप बसा रे' म्हणणारे किंवा मुलाच्या कानात उत्तर पुटपुटणारे. त्यांना बाजूला बसवलं की हेच होतं, कारण वर्ग शांत ठेवणं ही आपली जबाबदारी आहे असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांना आधीच पात्र द्या: बाई यंत्राच्या मालकीण, सर गावचे पोस्टमन. पात्रात असलेला शिक्षक दटावत नाही, आणि आपले सर खाली बसून आपल्याला विचारतायत, हे मुलांना फार आवडतं.

सगळी मुलं एकदम पुढं धावली तर बहुधा प्रश्न विचारताना तुम्ही उभे होतात आणि हात पसरले होते. बसून विचारा, आणि 'दुसऱ्या ओळीतलं कोण सांगतं?' असा पत्ता द्या. दोनच मुलं बोलत असतील तर दोन मिनिटं शेजाऱ्याशी कुजबुज करू द्या, मग 'तुझ्या शेजाऱ्यानं काय सांगितलं?' असं विचारा. दुसऱ्याचं म्हणणं सांगायला लाजरं मूलही तयार होतं.

एखादं मूल घरातलं दुःख बोलून जातं: बाप पाणी आणायला गेला आणि पडला, विहिरीत कोणी गेलं. हे मराठवाड्यात पाण्याच्या गोष्टीत होऊ शकतं, याची तयारी ठेवाच. गोष्ट थांबवून सगळ्यांसमोर त्याला खोदून विचारू नका. 'तू सांगितलंस, बरं केलंस' एवढं म्हणा, तिसऱ्या सहकाऱ्याला त्याच्याजवळ बसवा आणि तास संपल्यावर वर्गशिक्षकांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलल्याशिवाय शाळा सोडू नका.

निघताना आणि नंतर

'आवडलं का?' विचारलं की हात वरच होतात, त्यातून काही कळत नाही. तिसऱ्या सहकाऱ्यानं वहीत तीन नोंदी कराव्यात: प्रत्येक थांब्यावर किती वेगळी उत्तरं आली, कोण पहिल्यांदाच बोललं, कुठं लक्ष उडालं. पुढच्या शाळेआधी या नोंदी वाचून गोष्ट दुरुस्त करा.

शिक्षकांच्या हाती एक पान ठेवा. त्यात आठवड्याभराची तीन कामं पुरेत: कासवाला पत्र, गावातल्या बारवेचं किंवा विहिरीचं चित्र, आणि घरातल्या मोठ्या माणसाला 'तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे?' हे विचारून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणं. भाषा आणि परिसर अभ्यास दोन्ही विषयांत हे बसतं, त्यामुळं ते जादा काम वाटत नाही. बारव बघायला वर्ग नेणार असतील तर कठड्याजवळ दोन मोठी माणसं असल्याशिवाय जाऊ नये, हेही त्याच पानावर लिहा.

आठ-दहा दिवसांनी फोन करून एवढंच विचारा: गोष्ट मुलांनी घरी कशी सांगितली, आणि शेवट कोणता केला? वर्गातला शेवट बदलून सांगितला असेल तर तो लिहून घ्या, पुढच्या गावात तिसरी वाट म्हणून तो सरावाला घ्यायचा आहे.